गार आणि गोटी

परवा संध्याकाळी गल्लीतली चार वडीलधारी माणसे आमच्या सोप्यात येऊन बसली. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले. मग त्यातल्या एकाने घसा खाकरला. "साहेब, कोपऱ्यावर बार निघतोय. लेकी-सुना जातात त्या वाटेनं. तुम्ही पुढं झालं पाहिजे." बँकेतून निवृत्त झालो तरी गारगोटीत मी अजून 'साहेब'च आहे. शिवाय कादंबऱ्या लिहितो, तेव्हा तक्रार-अर्जही मीच लिहायचा, अशी गल्लीची समजूत आहे.

अर्जापूर्वी जागेची पाहणी करायची, ही बँकेतली जुनी खोड. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर गेलो. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेले एक तरुण जोडपे भिंतीला रंग देत होते. दहा-बारा माणसे दाटीवाटीने बसतील एवढीच जागा. पाटीवर खडूने आखून ठेवले होते, 'सरबत बार'. दारूचा थेंबही नाही. कोकम, आले आणि सोडा. हिरवी मिरची चुरडलेले कैरीचे पन्हे. जांभळाचा रस, आणि पेल्याच्या काठाला तिखटमीठ. सोबत भडंग, ज्वारीच्या लाह्या, नाचणीच्या पापडावर ठेचा. "काका, आपल्या गावाचं नाव मधोमध तोडून बघा," सूनबाई म्हणाली. "गार सोडा, आणि त्यात गोटी!" गारगोटी म्हणजे पांढरा, टणक दगड, एवढेच मी इतकी वर्षे धरून बसलो होतो. बाटलीच्या गळ्यात गोटी अडकवण्याची युक्ती हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ सालची. तिच्या देशात ती कधीच मागे पडली. आपल्याकडे जत्रेत ती अजून फटकन फुटते.

म्हणजे भांडण होते ते एका शब्दाशी. आता पाहा, बार म्हणजे मुळात आडवी दांडी किंवा फळी. देणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला. वकिलांचाही बार असतोच, त्याच्याविरुद्ध कोणी सह्या गोळा करत नाही. इंग्रजांचा पब म्हणजे 'पब्लिक हाउस', चारचौघांचे घर. 'पंच' हे पेय तर आपल्याच 'पाच'वरून आले, असे पुष्कळ कोशकार मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला मिळून पाच. कॉकटेलची व्याख्या अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने १८०६ साली छापली, तीत मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क एवढेच होते. आणि आमच्या कोल्हापूरने त्या कॉकटेलचे काय केले? मद्य काढून टाकले. आईस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली आणि सुका मेवा घातला, आणि चमचा हाती दिला! सोळंकी किंवा इंपिरियलमध्ये आजी, नातू आणि नवी सून एका टेबलावर बसून 'कॉकटेल' मागतात, तेव्हा कोणाची भुवईसुद्धा हलत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेले दूध फेसासकट पेल्यात मिळते. कामाच्या दृष्टीने पाहिले, तर तोही एक बारच.

मग आपल्याकडे हा शब्द काळवंडला कसा? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागू लागला. परवानाधारकाने जिथे बसायचे, ती 'परमिट रूम' झाली. तो कायदा महाराष्ट्राचे नाव लावून आजही चालू आहे. परवाना कोणी विचारत नाही. पण लपूनछपून करायची गोष्ट ही भावना खोलीला चिकटली ती चिकटलीच. काळ्या काचा, जाड पडदा, मिणमिणता दिवा. आत गेलेला माणूस बाहेरच्यांना दिसत नाही, आणि त्याला घरही दिसत नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९९४ साली मी दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एकाच महिन्यात माझ्या टेबलावर दोन अर्ज आले. एक परमिट रूमचा होता. रस्त्याकडेची जमीन तारण, कागदपत्रे चोख. दुसरा सोड्याची गाडी चालवणाऱ्या एका बाईंचा. त्यांना फ्रीज आणि चार टेबले हवी होती. मी विचारले, गाडी बरी चाललीय की, टेबले कशाला? त्या म्हणाल्या, "साहेब, बाजारला बाया येत्यात, डोक्यावर बुट्टी घिऊन. त्यास्नी बसाय जागाच न्हाई. बाप्ये बसत्यात तसं आमीबी घटकाभर बसावं, येवढंच." मी हसलो, आणि अर्जावर लिहिले, 'पुरेसे तारण नाही. नामंजूर.'

परमिट रूमचा हप्ता एकदाही चुकला नाही. वरिष्ठांनी शाबासकी दिली. पण त्या जाड पडद्यामागे हळूहळू आमच्याच शाखेतला एक कारकून जाऊन बसू लागला. हुशार माणूस, आकड्यांत कधी चूक नाही. पगाराच्या दिवशी त्याची बायको बँकेच्या पायरीवर येऊन थांबू लागली. तो मागच्या दाराने जाई, आणि ती दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राही. तिलाही बसायला दुसरी जागा नव्हती. तीन वर्षांत तो गेला. हिशेबाच्या वहीत माझे दोन्ही निर्णय बरोबर होते. वहीबाहेर मात्र दोन्ही चुकले, हे कळायला मला निवृत्तीची वाट पाहावी लागली.

मी दारूबंदीवाला नाही. मित्रांबरोबर कधीमधी मीही पेला उचलला आहे. पण महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी 'आडव्या बाटली'ला मते देऊन दुकाने बंद पाडली, ती हौसेने नव्हे, हेही मी जाणतो. त्यांचा राग रास्त आहे. तरी दुकान बंद झाल्यावर एक प्रश्न उरतोच: दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी बसायचे कुठे? रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली एका पुस्तकात मांडले की, घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला तिसरी एक जागा लागते. जिथे तो कोणाचा साहेब नसतो, कोणाचा नोकरही नसतो. आपल्याकडे पूर्वी ती पारावर होती, तालमीत होती, पाणवठ्यावर होती. पार पुरुषांचा, पाणवठा बायकांचा. नळ घरात आला, तेव्हा कळशी उतरली हे चांगलेच झाले. पण बायकांची बसायची जागाही त्याबरोबर गेली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुरुषांनी आपली जागा पडद्यामागे नेली.

दोघे एकत्र, उजेडात, मुलाबाळांसह बसतील आणि खिसा फार हलका न होता थोडी गंमत चाखतील, अशी जागा आपण गावाला दिली नाही. पेल्यात काय आहे याची चर्चा आपण पिढ्यान् पिढ्या केली. पेल्याभोवती कोण बसले आहे, हे विचारायचे राहून गेले.

काल ते चौघे पुन्हा आले. मी पाहणीचा वृत्तांत सांगितला. एक जण म्हणाला, "सरबत असंल, पण शब्द वाईट. उद्या पोरं बिघडतील." मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात आमची मंडळी चहाचे कप उचलायला आल्या. गेली पस्तीस वर्षे माझ्या बदल्यांमागे गावोगाव फिरलेल्या या बाईने पुरुषांच्या बैठकीत कधी तोंड घातलेले मला आठवत नाही. त्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तिथं आम्हाला बसता येईल का हो?"

तिघांनी माझ्याकडे पाहिले. चौथा चपला शोधू लागला. एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा तो अर्ज पुन्हा माझ्या टेबलावर आला होता.

रात्री मी कागद घेतला. विषय लिहिला, 'कोपऱ्यावरील सरबत बारबाबत'. खाली एकच ओळ लिहिली, 'खिडकीला पडदा लावू नये, या अटीवर हरकत नाही.' सही केली, आणि पहिल्यांदाच दुसऱ्या सहीसाठी कागद स्वयंपाकघरात नेला.