विमानाचं कॉलेज आणि आपल्या कोळीवाड्याची मुलं



आमच्या वरळी कोळीवाड्यात १ जूनपासून मासेमारी बंद होते. होड्या वर ओढल्या जातात आणि दोन महिने घरात येणारा पैसा थांबतो. नेमक्या याच दिवसांत बारावी झालेल्या मुलांच्या घरी कॉलेजच्या फीचे आकडे येऊन पडतात.

यंदा एक आई शाळेत आली. हातात गुळगुळीत माहितीपत्रक. त्यावर विमान आणि गणवेशातली हसरी मुलगी. आत लिहिलेलं, ‘एव्हिएशन डिप्लोमा, एक वर्ष, नोकरीची हमी’. फी जवळजवळ तीन लाख. ती म्हणाली, "सर, हे केलं की पोरगी विमानात लागेल ना? सोनं ठेवायचंय, म्हणून विचारते."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी असंच पत्रक घेऊन आलेल्या एका माणसाला ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून मीच वर्गात उभं केलं होतं. त्या वर्गातल्या एका मुलाने पैसे भरले. वर्षाने प्रमाणपत्र मिळालं, पण ते कुठल्याच विमान कंपनीने विचारलं नाही. आज तो एका मॉलमध्ये कामाला आहे. काम कुठलंही हलकं नसतं, पण त्या कामासाठी घरचं सोनं गहाण पडायची गरज नव्हती. यात माझीही चूक आहे, म्हणून हा लेख.

हे शिक्षण आपल्या शेजारीच सुरू झालं

विमानाचं शिक्षण ही काही परदेशातून नुकतीच आलेली गोष्ट नाही. आपल्या वरळीपासून किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेला गेलं की जुहू. तिथे १९२८ साली विमानतळ झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, ते जुहूलाच उतरले. भारतीय विमान कंपनीची सुरुवात ती. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, मग विमानं पुण्याला न्यावी लागत. पाऊस लागला की होडी वर ओढायची, हे आपल्याला नवीन नाही!

हाच क्लब आजही वैमानिक घडवतो. विमान देखभालीचं शिक्षण देतो, विमानशास्त्राचा पदवी अभ्यासक्रमही चालवतो. जुहूच्या आकाशात आता गर्दी झाली, त्यामुळे प्रत्यक्ष उड्डाणाचे धडे धुळ्याला होतात. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीलाही उड्डाण प्रशिक्षण मिळतं. मुलींच्या पालकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता ते सिलचर विमान नेलं, तेव्हा विमानातले सगळे कर्मचारी महिला होत्या.

आपल्या मुलांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे

शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट वर्गात करून बघा. विमानाचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात, अंतर सागरी मैलात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. रात्री विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा आणि उजव्यावर हिरवा. बोटीलाही तसंच. ‘पायलट’ आणि ‘कॅप्टन’ हे शब्दसुद्धा जहाजावरूनच विमानात गेले. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर एका टोकाला २७ लिहिलेलं असतं, म्हणजे होकायंत्रावर २७० अंश, सरळ पश्चिम. विमानं बहुतेक वेळा समुद्राकडे तोंड करून उडतात, कारण वारा समोरून हवा असतो.

भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आपली मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण घरातला तांडेल त्याच वाऱ्यावर पहाटे निघतो. वैमानिकाच्या परीक्षेत हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो, आणि त्यात हेच वारे असतात. हे मुलाला सांगा, त्याचे डोळे चमकतात. आपल्या घरचं ज्ञान परीक्षेत चालतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

एका पाटीखाली तीन वेगळ्या वाटा

खरा घोटाळा इथे होतो. ‘एव्हिएशन कॉलेज’ या एका शब्दात तीन निरनिराळी शिक्षणं भरलेली असतात.

पहिली वाट वैमानिकाची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. लेखी पेपरांत ७० टक्के गुण मिळाले तरच पास. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. हा आकडा मुलांपासून लपवू नका.

दुसरी वाट विमान देखभाल अभियंत्याची. हिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. बोटीचं इंजिन वडिलांबरोबर खोलणाऱ्या पोराला ही वाट जास्त शोभते. तिलाही विज्ञान लागतं. मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यास, प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव, मग सरकारी परीक्षा आणि परवाना.

तिसरी वाट हवाई सेवक-सेविका आणि विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांची. हवाई सेविका निवडताना कंपन्या बारावी पास मुलं-मुली थेट घेतात आणि प्रशिक्षण स्वतःच देतात. त्यासाठी लाखो रुपयांचा डिप्लोमा सक्तीचा नाही. बोलण्याचा सराव, इंग्रजी, आत्मविश्वास यासाठी कुणाला वर्ग लावायचा तर लावा, पण त्याची किंमत तेवढीच समजा.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

१. संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मान्यता आहे का? पत्रकावर विश्वास नको, डीजीसीएच्या यादीत नाव स्वतः शोधा.

२. शेवटी हातात काय येणार, परवाना की नुसतं प्रमाणपत्र?

३. वैमानिक व्हायचं असेल तर वैद्यकीय तपासणी आधी करून घेतली का? फी भरल्यावर रंगांधळेपणा कळला तर पैसे कोण परत देणार?

४. ‘नोकरीची हमी’ लेखी देतात का? आणि नाही लागली तर काय?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या संस्थेचा माणूस या चार प्रश्नांना सरळ उत्तर देत नाही, त्याला शाळेच्या वर्गात उभं करू नये. वर्गात कुणाला बोलावलं, यावर पालक विश्वास ठेवतात. ‘सरांनी आणलं म्हणजे चांगलंच असेल,’ असं त्यांना वाटतं. तो विश्वास आपण फुकट वाटून टाकतो.

त्या आईला मी हे सगळं समजावलं. मुलगी वाणिज्य शाखेची, तिला हवाई सेविकाच व्हायचंय. आता ती पदवीला आहे, आरशासमोर इंग्रजी बोलते, आणि कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती स्वतः बघते. निवड होईल की नाही, सांगता येत नाही. पण सोनं घरात आहे.

तुमच्या शाळेतही असं पत्रक येईलच. हे चार प्रश्न कागदावर लिहून सूचना फलकावर लावा, आणि या वर्षीच्या पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा.