आकड्यांचा मुकुट

सर्वोत्तम गायक कोण, यावर दोन रसिकांचे एकमत होणे कठीण. सर्वाधिक खपाचा गायक कोण, याचे उत्तर मात्र हिशेबाच्या वहीत सापडते. १९८९ मध्ये मोनॅकोत सुरू झालेल्या ‘वर्ल्ड म्युझिक अवॉर्ड्स’चा पाया हाच होता. ग्रॅमीप्रमाणे व्यावसायिकांच्या मतदानावर नव्हे, तर आयएफपीआय या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडील विक्रीच्या आकड्यांवर त्याचे प्रमुख पुरस्कार बेतलेले असत. प्रिन्स आल्बर्ट यांचा आश्रय, मॉन्टे कार्लोचे वैभव आणि देशोदेशी होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण यांमुळे सोहळ्याला झळाळी आली. २००६ मध्ये लंडन येथील सोहळ्यात दहा कोटींहून अधिक अल्बमच्या विक्रीबद्दल मायकेल जॅक्सनला ‘डायमंड’ पुरस्कार देण्यात आला.

परंतु आकडा निःपक्षपाती असतो, हे अर्धसत्य आहे. जिथे पावती फाटते, तिथलाच खप मोजला जातो. १९८०च्या दशकात भारतात कॅसेटने गाणे खेडोपाडी नेले. पण त्यातील चोरट्या प्रतींची नोंद कोणत्या वहीत होणार? ऐकणारे असंख्य, हिशेबात मात्र शून्य. उलट श्रीमंत देशांतील दुकानांत विकली गेलेली तबकडी पुरेपूर मोजली जाई. ‘जागतिक लोकप्रियता’ म्हणून जे मिरवले गेले, ते प्रत्यक्षात नोंद झालेल्या बाजारपेठेचे मोजमाप होते.

पुढे ही बाजारपेठच पालटली. १९९९ मध्ये नॅप्स्टर अवतरले आणि नंतरच्या वर्षांत सीडीचा खप घसरत गेला. २०१४च्या सोहळ्यासाठी तर चाहत्यांकडून इंटरनेटवर मते मागवण्यात आली. जो सोहळा मतांऐवजी विक्रीचा दाखला देत उभा राहिला, तोच अखेर मतांकडे वळला. त्यानंतर तो झालेला नाही.

आकड्यांचा मोह मात्र ओसरलेला नाही. २०१३ या वर्षापासून आयएफपीआय स्वतःच वर्षातील अग्रगण्य जागतिक कलावंत जाहीर करते; त्यात विक्रीबरोबर स्ट्रीमिंगही धरले जाते. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ने २०१४च्या अखेरीस, गाणी दीड हजार वेळा ऐकली गेली की एक अल्बम खपला, असे कोष्टक ठरवले. २०१८ पासून पैसे भरून ऐकणाऱ्याच्या श्रवणाला फुकट ऐकणाऱ्यापेक्षा अधिक वजन मिळाले. म्हणजे तराजू नवा, पण खिशाकडे पाहण्याची सवय जुनीच.

पुरस्काराला आकड्याचा आधार असण्यात गैर काहीच नाही. मात्र तो आकडा कोणी, कोठे आणि कोणाला वगळून मोजला, हेही विजेत्याच्या नावासोबत सांगितले गेले पाहिजे. अन्यथा बाजाराची बेरीज रसिकांचा कौल म्हणून खपत राहील.