सहल सांगा, पण मराठीच्या वाटेने

जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९च्या वायमार राज्यघटनेने दिलेले संरक्षण आजच्या राज्यघटनेतही कायम आहे. साहजिकच माणसे भटकायला बाहेर पडतात. श्टुटगार्टचे लोक श्वार्त्सवाल्डच्या जंगलात जातात, बोडनझेच्या काठी जातात, होहेनत्सोलर्नचा गड चढतात. सोमवारी कामावर आले, की एकमेकांना विचारतात: शनिवार-रविवार कसा गेला?

नव्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले, तर सहकाऱ्यांशी ओळख वाढते. महाराष्ट्रातून तिकडे जाऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, तो बाडेन-व्युर्टेमबेर्गशी, म्हणजे श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्याच राज्याशी. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा अनेकांना आता जर्मन शिकायचे आहे.

आणि घडून गेलेली गोष्ट सांगायची वेळ आली, की यातले बरेच जण अडखळतात. बोलताना जर्मन माणूस भूतकाळासाठी बहुधा ‘पेर्फेक्ट’ वापरतो. त्यात ‘हाबन’ किंवा ‘झाइन’ हे सहायक क्रियापद दुसऱ्या जागी येते आणि मुख्य क्रियापदाचे रूप वाक्याच्या शेवटी जाते. आपल्याकडे हे अनेकदा इंग्रजीच्या आधाराने शिकवले जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. इंग्रजीतल्या ‘हॅव’ची सवय लागलेला विद्यार्थी सगळीकडे ‘हाबन’ लावतो. शिवाय इंग्रजीत ‘हॅव गॉन’बरोबर ‘काल’ चालत नाही. जर्मनमध्ये मात्र ‘इश बिन गेस्टर्न नाख पुणे गेफारन’, म्हणजे ‘मी काल पुण्याला गेलो’, हे अगदी शुद्ध वाक्य आहे.

मराठीची वाट याहून जवळची आहे. ‘आम्ही रविवारी सिंहगडावर गेलो, पिठलं-भाकरी खाल्ली’ असे म्हणताना ‘गेलो’ कर्त्याप्रमाणे चालते आणि ‘खाल्ली’ कर्माप्रमाणे. जाणे आणि खाणे यांची भूतकाळातली चाल वेगळी असते, हे मराठी माणसाला लहानपणापासून अंगवळणी पडलेले आहे. जर्मनही या दोन क्रियांत फरक करते: ‘विर झिंट नाख सिंहगड गेफारन’, पण ‘विर हाबन पिठलं-भाकरी गेगेसन’. गाडीने गेलो तर ‘झाइन’, गाडी चालवली तर ‘हाबन’. क्रियापद शेवटी ठेवायलाही मराठी जिभेला काही नवे शिकावे लागत नाही.

हे साम्य सगळीकडे पुरत नाही, हेही वर्गात स्पष्ट सांगायला हवे. ‘झोपलो’ आणि ‘राहिलो’ ही मराठीत सारखीच चालतात. जर्मनमध्ये झोपण्याला ‘हाबन’ लागते, राहण्याला म्हणजे ‘ब्लाइबन’ला ‘झाइन’. जागा बदलणे, अवस्था बदलणे यांना ‘झाइन’ हा ठोकताळा, आणि ‘ब्लाइबन’सारखे थोडे अपवाद पाठ. ‘मजा आली’, ‘गर्दी होती’ यासाठी तर बोलतानाही साधे ‘वार’ आणि ‘हाटे’ हे भूतकाळ वापरतात. ते पहिल्या धड्यापासूनच द्यावेत.

शिवाय बाडेन-व्युर्टेमबेर्ग दक्षिणेत आहे. दक्षिणेकडच्या बोलींतून साधा भूतकाळ जवळपास नाहीसा झाला आहे, त्यामुळे पेर्फेक्टचा वापर तिथे आणखी जास्त. उत्तरेत ‘बसलो होतो’ हे ‘हाबन’ने सांगतात, तर दक्षिणेत ‘इश बिन गेझेसन’ सर्रास ऐकू येते. पुस्तकातले एकच रूप घोकलेला मुलगा हे ऐकून गोंधळेल. त्याला आधीच सावध करणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

म्हणून राज्यातल्या प्रशिक्षण वर्गांनी सहायक क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेण्याआधी विद्यार्थ्यांना त्यांची स्वतःची सहल सांगायला लावावी. कुणी महाबळेश्वरची सांगेल, कुणी वेरूळची, कुणी गावच्या जत्रेची. कधी गेलो, कशाने गेलो, कोण बरोबर होते, काय पाहिले, काय खाल्ले, कधी परतलो: एवढ्या सहा प्रश्नांत ‘हाबन’ आणि ‘झाइन’ दोन्ही पुन्हा पुन्हा येतात. ऐकणाऱ्यांनी जर्मनमध्येच उलट प्रश्न विचारावेत आणि शिक्षकांनी चूक मराठीत समजावून द्यावी. त्यासाठी मराठी आणि जर्मन शेजारी ठेवून लिहिलेले पाठ्यपुस्तक लागेल, आणि ते तयार करून घेण्याची जबाबदारी करार करणाऱ्या सरकारने उचलावी.