नानांचा गडी

आमच्या मंडळाच्या पंगतीत बसलेल्यांच्या अंगातला धातू एके ठिकाणी वितळवला तर बऱ्यापैकी मोठी परात होईल. कुणाचा गुडघा नवा, कुणाचा खुबा नवा, कुणाच्या मनगटात पट्टी आणि वर सहा स्क्रू. विमानतळावरच्या त्या कमानीखालून आमची सहल जाते तेव्हा अक्षरशः वाजतगाजत जाते. त्यामुळे नानांनी फोनवर “सध्या खुब्याचं काम चाललंय” असं सांगितलं, तेव्हा आमच्या सौ.नी लगेच विचारलं, “कुठल्या हॉस्पिटलात?”

“हॉस्पिटल कसलं वहिनी, मागच्या शेडमध्ये! बाहुल्याचा खुबा.”

नाना हे मंडळाचे जुने सभासद. गणपतीच्या मखरापासून हॉलमधल्या डुगडुगणाऱ्या टेबलापर्यंत जिथे म्हणून स्क्रू ड्रायव्हर लागतो तिथे नाना लागतात. १९६८ साली पुण्याहून फिटर म्हणून इकडे मिडलंड्समध्ये आले आणि मोटारगाड्यांच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, डाय बनवत राहिले. आता ऐंशी ओलांडली. गेली दोन वर्षं ते एक यंत्रमानव घडवताहेत. १४ इंच उंचीचा, ॲल्युमिनियम आणि पितळेचा. मोटार नाही, बॅटरी नाही, डोळे लुकलुकत नाहीत. त्याचा हात तुम्ही न्याल तिथे राहतो, मान वळवाल तिकडे वळून राहते. एवढंच. पण हे ‘एवढंच’ केवढं असतं ते या वेळी सांगावं म्हणतो.

नानांच्या डोक्यात हा किडा शिरला तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये. २०१७ साली तिथे यंत्रमानवांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात एरिक उभा होता. एरिक हा ब्रिटनमधला पहिला रोबो म्हणून ओळखला जातो. १९२८ साली लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये मॉडेल इंजिनियर मंडळींचं प्रदर्शन व्हायचं होतं. उद्घाटनाला ड्यूक ऑफ यॉर्क येणार नाहीत असं ठरलं. आपल्याकडे अशा वेळी अध्यक्षांच्या मेहुण्यांना उभं करतात. तिथे कॅप्टन विल्यम रिचर्ड्स यांनी पत्र्याचा माणूसच उभा केला. रिचर्ड्स पहिल्या महायुद्धात लढलेले, जोडीला ॲलन रेफेल नावाचे यंत्रज्ञ. चिलखत घातल्यासारखा हा ॲल्युमिनियमचा गृहस्थ उठून उभा राहिला, वाकला, डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि चार मिनिटं भाषण करून मोकळा झाला. बोलताना दातांतून निळ्या ठिणग्या उडत होत्या. चार मिनिटांत आटपणार असतील तर आमच्या पाहुण्यांच्या दातांतून ठिणग्या उडालेल्यासुद्धा आम्हाला चालतील.

एरिकला चालता मात्र येत नसे. पाय एका पेटीला बोल्टनं पक्के केलेले आणि मोटार त्या पेटीत. पुढे तो अमेरिकेचा दौराही करून आला आणि मग कुठे गडप झाला ते आजवर कळलेलं नाही. २०१६ साली म्युझियमनं लोकवर्गणी काढली, पन्नास हजार पौंडांहून जास्त जमले, आणि जाइल्स वॉकर या कलाकारानं जुने फोटो, कात्रणं आणि थोडी फिल्म यांवरून नवा एरिक उभा केला. नानांनी नेमकं तेवढंच मनात धरलं. “नुसत्या फोटोवरून अख्खा माणूस काढला की हो त्यानं,” हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं असेल.

एरिकच्या छातीवर आर. यू. आर. ही अक्षरं होती. ते कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकाचं नाव. ‘रोबो’ हा शब्द तिथूनच जगभर गेला आणि तो सुचवला चापेकच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, सक्तीची राबणूक. गंमत अशी की नाटकातले रोबो धातूचे नव्हतेच. मांसासारख्या कृत्रिम पदार्थाचे होते. त्यांना पत्र्याचं अंग नंतर कारागिरांनी दिलं. आम्ही हे सगळं नानांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, “म्हणजे वेठीचा गडी. आपलं ‘गडी’ काय वाईट आहे?” तेव्हापासून शेडमधल्या त्या स्वारीचं नाव गडी.

आता गड्याचं अंग. छाती, डोकं, दंड आणि मांड्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या. पत्र्याला गोलाई द्यायची तर तो आधी मऊ करावा लागतो, म्हणजे तापवावा लागतो. आणि ॲल्युमिनियमची खोड अशी की तापल्याचं तोंडावर दिसू देत नाही. लोखंड लाल होऊन सांगतं, हे वितळेपर्यंत गप्प बसतं. म्हणून नाना पत्र्याला कपडे धुवायचा साबण घासतात आणि खालून ज्योत देतात. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. आमच्या सौ.ना ही युक्ती इतकी आवडली की पुढचे दोन महिने घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगण्यात आली.

मग लाकडी साच्यावर ठोकणं. ठोकून आलेले टवके काढायला हलक्या हातोडीनं शेजारी शेजारी ठोके देत जायचं. याला इंग्रजीत काहीही म्हणोत, पुण्याच्या तांबट आळीत याला मठारणं म्हणतात. नानांचं लहानपण कसब्यात गेलं. तांब्याचे हंडे, बंब मठारण्याचा आवाज सकाळपासून कानावर. “कान शिकले आधी, हात नंतर,” असं ते म्हणतात. ठोका बरोबर पडला की आवाज बंद, घट्ट येतो. खाली पोकळी राहिली की पत्रा ओरडतो. आम्हाला दोन्ही आवाज सारखेच ऐकू आले, पण नानांनी न बघता सांगितलं, “हा पोकळ गेला.”

पितळेचा कारभार वेगळा. ते मंद लाल करून पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. तसंच पोलाद बुडवलं तर कडक होऊन बसतं. सांधे पितळेचे आणि पावलंही पितळेची, भरीव. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. वर हलकं, खाली जड, म्हणून गडी पुढे झुकला तरी तोंडावर आपटत नाही.

खरं घोडं अडतं ते सांध्यांपाशी. गुडघा आणि कोपर तसे सरळ, दाराच्या बिजागरीसारखे. मागे उलटे वळू नयेत म्हणून आत एक छोटा अडसर. खुबा आणि खांदा मात्र सगळीकडे फिरायला हवेत, म्हणून तिथे गोळी आणि वाटी. नाना जुन्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या घेतात. त्या इतक्या कडक की ड्रिल नुसतं घसरतं. म्हणून आधी लाल तापवायच्या, राखेत पुरायच्या आणि रात्रभर हळूहळू निवू द्यायच्या. सकाळी भोक पाडायचं, दांडी बसवायची, टाकणखार लावून चांदीचा डाक द्यायचा, सोनार देतो तसाच. मग पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांना गोळीपेक्षा किंचित लहान भोकं. भोकांच्या कडांत गोळी चिमटीत धरल्यासारखी बसते. पट्ट्यांच्या मधोमध एक स्क्रू. सगळी जादू त्या स्क्रूत.

स्क्रू सैल, तर गडी मध्यरात्री पबमधून निघालेल्यासारखा कलंडतो. घट्ट, तर हात वर करायला जावं आणि सगळा गडीच गरकन फिरावा. शिवाय प्रत्येक सांध्याचं घट्टपण निराळं. मनगटाला फक्त पंजा पेलायचा असतो, खांद्याला अख्खा हात, आणि घोट्याला वरचं सगळं. म्हणून बोटांपासून घोट्यापर्यंत सांधे चढत्या क्रमानं घट्ट करत यावं लागतं. एक बदलला की शेजारचे रुसतात. नानांचा एक आख्खा महिना यात गेला, आणि त्यातले आठवडेच्या आठवडे एकट्या डाव्या घोट्यापायी.

आम्ही शहाणपणानं सुचवलं, थोडं तेल टाकून बघा. नानांनी आमच्याकडे असं पाहिलं की सौ.नी विषय बदलला. अशा सांध्याला तेल चालतच नाही. घर्षणावर तर तो उभा असतो! नाना पट्ट्या पुसून कोरड्याठाक करूनच बसवतात. इथे आम्हाला लँकेशायरच्या राइटिंग्टन हॉस्पिटलची आठवण झाली. १९६२ साली जॉन चार्नली या सर्जननं तिथे आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा पहिल्यांदा यशस्वी केला. पोलादी गोळी, प्लॅस्टिकची वाटी. रचना गड्याच्या खुब्याचीच म्हणा. पण चार्नली यांची सगळी खटपट घर्षण कमीत कमी व्हावं म्हणून होती, गोळीसुद्धा त्यांनी त्यासाठी मुद्दाम लहान, २२ मिलिमीटरची, घेतली. माणसाला चालायचं असतं. गड्याला नेमून दिलेल्या जागी थांबायचं असतं.

हे ऐकून नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या कारखान्याचा विषय निघाला, तो आजवर फार कमी वेळा निघालेला आहे. गाडीच्या दाराचा पत्रा दाबायची डाय बनवायला महिनेच्या महिने जायचे. एका डायवर कितीजणांचे हात! ती प्रेसवर चढली की तिच्यातून हजारो दारं बाहेर पडायची, आणि गाडीवर नाव कंपनीचं. त्यात गैर काही नाही, पगार वेळेवर मिळत होता. “पण इतक्या वर्षांत मी पुरी अशी एकही वस्तू केली नाही,” नाना म्हणाले. “सगळे तुकडे.” आणि शेवटची काही वर्षं तर शिकाऊ मुलं घेणंच बंद झालं. शिकवायला कुणी नाही. कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रांचा लिलाव झाला. नाना आपली हत्यारांची पेटी घेऊन बसनं घरी आले.

म्हणून गड्याच्या पावलाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी आपली आद्याक्षरं मोडीत कोरली आहेत. हे छापू का म्हणून आम्ही विचारलं. “छापा,” म्हणाले.

मंडळाच्या कार्यकारिणीनं गडी दिवाळीच्या कार्यक्रमात काचेच्या पेटीत, ‘हात लावू नये’ अशी पाटी लावून ठेवायचं ठरवलं होतं. नानांनी साफ नकार दिला. पेटीत ठेवायचा असता तर सांधे कशाला केले, हे त्यांचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं. पाटीच लावायची तर ‘हात लावावा’ अशी लावा. बघायला येणारे दोनच प्रश्न विचारतात: हा करतो काय, आणि केवढ्याला देणार? आमचं मत विचाराल तर दोन्ही प्रश्नांवर मंडळानं बंदी घालावी.

राहता राहिला प्रश्न शेडचा. मुलाचं म्हणणं, आता एवढं मोठं घर नको, जिना नको, आमच्या जवळ फ्लॅट घ्या. मुलगा चांगला आहे आणि त्याचं चुकत नाही. पण फ्लॅटमध्ये लेथ जात नाही. नानांचा मायफर्ड लेथ जुना, शेजारच्याच नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला बनलेला. तो हलवायला चार माणसं लागतील आणि ठेवायला काँक्रीटची जमीन. घ्यायला गिऱ्हाइकं आहेत. नाना अजून कुणाला हो म्हणाले नाहीत.

नात इंजिनियरिंगला आहे. एरिकच्या फोटोंवरून मापं काढून कागदी नमुना तिनंच करून दिला. तिच्याकडे थ्री-डी प्रिंटर आहे, आणि आजोबांना पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, “हे सगळं मी रात्रीत छापून देऊ का?” नाना रागावले नाहीत. तिनं छापून दिलेला प्लॅस्टिकचा खांदा त्यांनी नीट फिरवून पाहिला, शेडच्या खिडकीत ठेवला, तो अजून तिथे आहे. नंतर तिच्या हातात कानस दिली. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. सपाट वाटणारी पट्टी उजेडाकडे धरली की मधोमध फुगलेली दिसते, आणि ती फुगू न देता घासायला शिकणं यातच तिचे आठ-नऊ शनिवार गेले.

गड्याचा डावा पंजा अजून व्हायचा आहे. उजवा नानांनी केला, पण आता त्यांचा स्वतःचा अंगठा सकाळी वळत नाही आणि बोटांच्या सांध्यांना लागतात ते १० बी. ए.चे, पावणेदोन मिलिमीटरचे स्क्रू. तेव्हा डावा पंजा नात करते आहे. आम्ही गेल्या शनिवारी गेलो तेव्हा चार बोटं तयार होऊन व्हाइसशेजारी ओळीनं मांडलेली होती. नानांनी भिंगातून एकेक पाहिलं. तीन पसंत केली. चौथं तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, “हे पुन्हा कर. मधलं पेर लांब झालंय.”