बाईंचा वेळ बाईंना परत द्या

आज 5 सप्टेंबर, शिक्षक दिन. अनेक शाळांत आज वरच्या वर्गातली मुले एक दिवसाचे शिक्षक होतील. साडीचा पदर सावरत आठवीतली एखादी मुलगी तिसरीच्या वर्गापुढे उभी राहील. धडा आपल्याला येतो, पण समोरच्या पोरांना तो समजत कसा नाही, हा प्रश्न तिला पहिल्या पाच मिनिटांतच पडेल. शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राला हाच प्रश्न विचारायला हवा.

नागपूर जिल्हा परिषदेच्या ‘मिशन बाल भरारी’तून जुलै 2025 मध्ये वडधामना येथे कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड असलेली अंगणवाडी सुरू झाली. देशातली अशी पहिली अंगणवाडी म्हणून तिचे कौतुक झाले. स्मार्ट फळा आला, आभासी जग दाखवणारे चष्मे आले. कौतुक रास्तच आहे. नवी, महागडी साधने खेड्यातल्या अंगणवाडीत आधी पोचावीत, असे आपल्याकडे क्वचितच घडते.

मात्र याच नागपूरने त्याच्या पाच वर्षे आधी एक फार साधा प्रयोग केला होता आणि आमच्या मते त्याचे मोल अधिक आहे. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली. शहरातली मुले मोबाइलवरच्या वर्गात बसली. पण नागपूर विभागात गडचिरोलीही येते, आणि तिथल्या कितीतरी गावांत फोनला रेंजच नव्हती. तेव्हा विभागीय आयुक्त कार्यालय, ‘प्रथम’ ही संस्था आणि 1948 पासून बोलणारे आकाशवाणीचे नागपूर केंद्र यांनी मिळून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू केला. रेडिओवरून गोष्ट, गाणे, घरातल्या वस्तूंनी करायचा एखादा उपक्रम सांगितला जाई. डाळीचे दाणे मोजायला, काड्यांच्या जुड्या बांधायला आई किंवा आजोबा शेजारी बसले, तरच तो उपक्रम पुरा होई. रेडिओ जुनाच होता. त्याने घरातल्या मोठ्या माणसाला मुलाजवळ आणून बसवले, हे नवे होते.

आज उणीव यंत्राची राहिलेली नाही. शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या 80 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात त्यांपैकी 57 टक्के मुलांनी तो शिकण्याशी संबंधित कामासाठी वापरला, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. फोन हातात आहे. तो हातात असताना शेजारी कोणी नाही.

शाळेतही यंत्राआधी माणूसच लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमुळे, असे आपण सांगत असतो. पण मुलांची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांनी आधी ओळखले होते. ते ओळखण्यासाठी शिक्षकाला मुलांत बसायला वेळ लागतो, आणि नेमका तोच आज हिरावला जातो आहे. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीसाठीची माहिती, ऑनलाइन हजेरी, प्रत्येक उपक्रमाचा फोटो, ‘आजच भरा’ म्हणून आलेली लिंक. चौथीपर्यंतच्या दोनशिक्षकी शाळेत एक जण मोबाइलवर माहिती भरतो, तेव्हा चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. ज्या तंत्रज्ञानाने शिकवण्याचा भार हलका करायचा, त्याने गुरुजींना कारकून केले, याची चीड यायला हवी.

म्हणून शासनाकडे आणि जिल्हा परिषदांकडे आमची मागणी आहे. शाळांच्या प्रत्येक केंद्रात माहिती भरणारा माणूस नेमा. एकदा घेतलेली माहिती दुसऱ्या नमुन्यात पुन्हा मागू नका. स्मार्ट फळा देताना त्याच्या विजेच्या बिलाची आणि दुरुस्तीची तरतूद त्याच आदेशात करा. नाहीतर दोन उन्हाळ्यांत त्यावर कापड पडते. आणि आज गुलाबाचे फूल देऊन झाल्यावर, किमान आजच्या दिवशी तरी, शाळांच्या ग्रुपवर एकही लिंक पाठवू नका.