घाटापलीकडचं आभाळ

आमच्या घरापासून माहेर तसं दूर नाही. वाईहून पसरणी घाट चढायचा, पाचगणी-महाबळेश्वर मागे टाकायचं आणि आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर! पण पावसाळ्यात हेच अंतर साता समुद्रांएवढं होतं.

गेल्या आषाढात धाकट्या बहिणीचं पहिलं डोहाळजेवण होतं. आई नाही, तेव्हा ओटी भरायची ती मीच. हिरवी साडी, पाच फळं, सगळं भरून ठेवलेलं. सकाळी वाईत लख्ख ऊन. हे म्हणाले, "बघ, आभाळ कसं स्वच्छ आहे! निघू या."

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढून गार होतात आणि तिथेच बरसतात; पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं पाणी उरत नाही, हे दरवर्षी फळ्यावर काढते. म्हणजे वाईचं ऊन घाटाबद्दल काहीच सांगत नाही! २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला होता.

म्हणून हवामान खात्याचा अंदाज पाहिला. जिल्ह्याचा नव्हे हं, घाटमाथ्याचा. तो वेगळा देतात. नारिंगी इशारा होता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने खबरदारी घ्या. मग वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "वन्सं, तीन दिवस संततधार आहे, सावित्री गढूळ वाहतेय." दरड काही आजच्याच पावसाने येत नाही, आधीच्या दिवसांचं मुरलेलं पाणीही डोंगर सैल करतं. शिवाय मागच्या सीटवर आमची दोन पोरं बसणार होती.

आम्ही गेलो नाही. बहीण फोनवर एवढंच म्हणाली, "बरं ताई." त्या दोन शब्दांनी दिवसभर घास उतरला नाही.

आणि गंमत पाहा, त्या दिवशी घाटात काहीच झालं नाही! रस्ता चालू राहिला. जाऊबाई हसल्या, "उगाच घाबरलीस." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. दरड कोसळेलच असं तो सांगत नाही, धोका वाढलाय एवढंच सांगतो. छत्री नेली आणि पाऊस आला नाही, म्हणून छत्री कोणी टाकून देतं का?

तेव्हा निघण्याआधी घाटमाथ्याचा अंदाज आदल्या रात्री पाहा, सकाळी पुन्हा पाहा. पुढच्या तीन तासांच्या सूचनाही येतात. घाट चालू आहे ना, हे वर आणि खाली दोन्हीकडे विचारा. उजेडातच घाट ओलांडा. कड्याखाली चहाला थांबू नका. बारीक दगड घरंगळताना किंवा डोंगरातून गढूळ पाणी फुटताना दिसलं की मुकाट्याने मागे फिरा. पिशवीत दशम्या, पाणी, बॅटरी आणि मुलांचे कोरडे कपडे हवेतच.

चार दिवसांनी पाऊस ओसरला, तेव्हा गेलो. ओटी भरताना बहीण रडली, मीही रडले. फळं तेवढी नवी घ्यावी लागली!