कुंडीत वाचलेली माकुडी

शिंदळ माकुडीची रोपं आज परदेशातल्या संग्राहकांच्या काचघरांतही मिळतात. फांदीचा तुकडा मातीत खोचला की मुळं धरतो. म्हणूनच ही वनस्पती आता वाचली, असं समाधान काही निसर्गप्रेमी मानतात. मला ते घातक वाटतं.

मुळात ती फक्त महाराष्ट्राची. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांच्या भेगांत, कोरड्या उतारांवरच्या गवता-निवडुंगांच्या सोबतीने वाढणारी. रुईच्या कुळातली, मांसल फांद्यांची. पावसात पानं येतात, जांभळट-तांबड्या रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुलं लागतात. उन्हाळ्यात पानं गळतात आणि उरतात त्या राखाडी कांड्या. 1865 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिची शास्त्रीय नोंद केली ती जुन्नरजवळच्या डोंगरावरच्या रोपांवरून, आणि नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं: फ्रेरिया इंडिका.

तुकड्यापासून वाढवलेलं रोप ही मूळ रोपाची हुबेहूब नक्कल असते. हजार कुंड्या भरल्या तरी त्यांत विविधता येते ती मूळ दोन-चार रोपांइतकीच. कड्यावर मात्र परागीकरण होतं, शेंग तडकते, रेशमी झुबका लावून बी वाऱ्यावर निघतं आणि एखादं नव्या भेगेत रुजतं. नव्या परिस्थितीला तोंड देण्याची ताकद त्या बियांत असते, आणि तीच साखळी तुटते आहे. वणवे आणि चराई हे जुने धोके. त्यांत चांगल्या हेतूने येणाऱ्या संकटांची भर पडली आहे.

उघडा डोंगर दिसला की तो ओसाड, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. कड्यावर कुणी खड्डे खोदत नाही, हे खरं. पण माथ्यावर आणि उतारावर गिरिपुष्पासारखी झपाट्याने वाढणारी परकी झाडं दाटली की त्यांच्या सावलीत उन्हावर जगणारं गवत आणि झुडपं मागे हटतात, आणि त्यांच्या सोबतीने वाढणारी माकुडीही. दुसरं संकट गडांच्या डागडुजीचं. 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला. आता डागडुजी वाढेल, गर्दीही. तटातले पिंपळ-उंबर काढायलाच हवेत, ते दगड फोडतात. पण सगळी हिरवळ एकाच कोयत्याने साफ करणाऱ्याला माकुडी वेगळी कशी कळणार?

वृक्षारोपणाचे खड्डे साधारण उन्हाळ्यात खोदले जातात. नेमकी तेव्हाच ही वनस्पती निष्पर्ण असते, वाळक्या काटकीसारखी दिसते. त्यामुळे मे महिन्यातल्या पाहणीत ‘येथे काही नाही’ असा शेरा प्रामाणिकपणेही पडू शकतो. गडांच्या आणि टेकड्यांच्या कुठल्याही कामाआधीची पाहणी पावसाळ्यात, फुलांच्या दिवसांत, जाणकार सोबत घेऊनच व्हायला हवी. तोवर त्या उतारावर कुदळ पडू नये.